एकतीस सांधे

"ये गोबर किसने लगाया?"

ओव्हरसियर विजयकुमारनं छडीचं टोक न्हाणीच्या भिंतीला टेकवलं. शेणाचा ओला पोपडा छडीला चिकटून आला, तसं त्यानं नाक मुरडलं. त्याच्या मागं पंचनाम्याची वही घेऊन मी, माझ्या मागं पिशवी खांद्याला लावलेला पाइप फिटर शेषराव, आणि दारात त्या क्वार्टरमध्ये राहणारी सिंधू, कडेवर तीन वर्षांची दुर्गा. न्हाणी इतकी लहान, की एकानं वाकायचं तर दुसऱ्यानं बाहेर जायचं.

"मी लावलं जी," सिंधू म्हणाली.

"क्यों?"

प्रश्न तिला कळला होता, पण उत्तर तिनं माझ्याकडे बघून दिलं. "भिंत वलावून राहिली ना कृष्णराव भाऊ. आमच्या तुमसरकडं भिंत वलावली का शेणमातीनं सारवते. शेण वल ओढून घेते. म्हून दर शुक्कुरवारी सारवत होती मी."

मातीच्या भिंतीला ते बरोबरच आहे. तिच्या आईनं, आजीनं आयुष्यभर तेच केलं आणि त्यांच्या भिंती कोरड्या राहिल्या. पण ही भिंत सिमेंटची, आणि आतल्या आत पाणी पिणारी. तिच्यावर शेण चढवणं म्हणजे बुरशीला पंगत वाढणं. जमिनीपासून हातभर शेण, त्याच्या वर हिरवा थर, आणि त्याच्या वर पार खांद्यापर्यंत काळी बुरशी. न्हाणीत शिरल्याबरोबर घशात काहीतरी अडकल्यासारखं होई. पलीकडच्या खोलीत याच भिंतीला लागून दुर्गाचं अंथरूण होतं. पोरीची छाती दोन वर्षं सूंसूं वाजत होती, आणि दवाखान्यातले डॉक्टर दर वेळी एकच सांगत होते, हिला ओलीतून काढा.

"देखा कृष्णराव?" विजयकुमार माझ्याकडे वळला. "पक्के मकान में गोबर! लिखो. रहिवासी की लापरवाही."

भिलाईच्या पोलाद कारखान्यात येऊन मला पाच वर्षं झाली होती. दुरुस्ती ऑफिसात मी तक्रारींचा कारकून. या एका न्हाणीचे तीन अहवाल माझ्याच अक्षरात फाइलला लागलेले होते. तिन्ही वेळा बुरशीवर चुना मारला आणि तिन्ही वेळा ती महिन्याभरात चुना फोडून बाहेर आली. चौथ्या तक्रारीला पंचनामा व्हायचा. त्यात रहिवाशाचा दोष निघाला तर क्वार्टर काढून घ्यायचं, असा नियम. सिंधूचा नवरा तेजराम रोलिंग मिलमध्ये पहिल्या पाळीला गेलेला. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला कळणार होतं, की बायकोनं भिंत सारवली म्हणून आपलं बिऱ्हाड आता सुपेला वस्तीतल्या एखाद्या झोपडीत.

मला संताप कशाचा आला, सांगतो. विजयकुमारचा नाही. तो सव्वीस वर्षांचा, नवीन, पुस्तकात वाचलेलं बोलणारा. संताप आला तो सिंधूचा चेहरा पाहून. तिला ते खरं वाटलं होतं. तिनं पोरीला खाली ठेवलं, कोपऱ्यातली खुरपी घेतली आणि वाकून शेण खरवडायला लागली.

"मी काढून टाकतो सारं. आताच काढतो, साहेब. पुन्हा नाही लावणार. पोरगी बरी होतपर्यंत घर नका काढू जी." तोंडानं हे चाललेलं, खुरपी भराभर चाललेली, आणि शेणाच्या ढेकळांबरोबर काळं पाणी तिच्या पायावर पडत होतं.

"शेषराव, पाइप देख लिया ना?" विजयकुमार म्हणाला. "लीकेज?"

हा प्रश्न शेषरावला याच न्हाणीत चौथ्यांदा विचारला जात होता. आधीच्या तिन्ही वेळा तो म्हणाला होता, "दिसत तं नाही साहेब." आणि मी लिहिलं होतं, गळती नाही. दिसत नाही आणि नाही यात किती अंतर आहे ते मला कळत नव्हतं असं नाही. पण चौकट छापील होती, तिच्यात दोनच शब्द मावत होते, आणि मला पाचच्या आत सायकलवर बसून पावर हाउस वस्तीतल्या खोलीवर जायचं असायचं.

शेषराव बावन्न वर्षांचा. आधी रेल्वेत, दुर्ग लाइनवर इंजिनांना पाणी देणाऱ्या नळांवर होता. बोलायला कमी. कुणाच्या घरी गेला तर चपला बाहेर काढून आत जायचा, काम झालं की जमीन स्वतः पुसायचा. बायका त्याला काकाजी म्हणत. अख्ख्या ओळीत त्याच्या विरुद्ध कुणाचा एक शब्द नव्हता.

या वेळी त्यानं पिशवी खाली ठेवली. खाली वाकून त्यानं सिंधूच्या हातातली खुरपी काढून घेतली. "सोड पोरी," म्हणाला. "तू बाहेर हो." मग पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर, एका ठरावीक जागी, भिंतीवर घाव घातला.

"अरे! ये क्या कर रहे हो? किसने कहा तोड़ने को?"

शेषराव थांबला नाही. चौथ्या घावाला प्लास्टर सुटलं, सातव्याला वीट निघाली. आतून आधी वास आला, आंबलेल्या पिठाचा, आणि मग पाण्याची बारीक धार. विटेच्या मागं पाइपाचा एल्बो होता. स्वयंपाकघरातला नळ तिथं वळून न्हाणीत येत होता. भिंतीच्या पोटातला तेवढा एकच सांधा. त्याच्यावरचा ताग काळा पडून कुजला होता, आणि तागावर राखाडी, केसाळ बुरशी धरली होती, विसरलेल्या भाकरीवर धरते तशी.

शेषरावनं तो ताग नखानं उचकटला आणि विजयकुमारच्या समोर धरला.

"कनीक हाय साहेब. गव्हाची कनीक आन् चुना. इथं सफेदा पाहिजे होता."

यातलं थोडं शेषरावनं तिथंच सांगितलं, बाकीचं मला नंतर समजलं, पण सगळं इथंच सांगून टाकतो. पाइपाच्या आट्यांवर ताग गुंडाळायचा, त्यावर सफेदा, म्हणजे पाणी अडवणारा शिशाचा पांढरा लेप, माखायचा आणि मग एल्बो आवळायचा. मग निदान तीन तास पाणी सोडून सांधा पाहायचा आणि नंतरच भिंत बंद करायची. कुठलाही फिटर हे झोपेतही सांगेल. अठ्ठावन्न साली ही ओळ बांधत होते तेव्हा सफेदा संपला. कारखान्याची भट्टी पेटायच्या आधी क्वार्टरच्या चाव्या द्यायच्याच, असा वरून हुकूम. शेषराव तेव्हा ठेकेदाराकडं रोजावर होता. ठेकेदाराचा मुकादम भैय्याजी, त्यानं घमेल्यात कणीक आणि चुना कालवून आणला आणि म्हणाला, लाव हेच, वरून प्लास्टर येणार आहे, कोण पाहतंय. पाणी सोडून पाहिलंच नाही. बत्तीस घरांच्या भिंती चार दिवसांत बंद केल्या. त्या घाईत काम चांगलं उरकलं म्हणून शेषरावला दुरुस्ती खात्यात नोकरी लागली.

"ये जॉइंट किसने किया था?" विजयकुमारनं विचारलं.

"म्या."

 शेषरावनं मुख्य कॉक बंद केला आणि धार थांबली.

विजयकुमार मला बाहेर घेऊन गेला. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही म्हणतो. त्यानं सिगारेट काढली, पेटवली नाही. "देखो," म्हणाला, "आदमी पुराना है. एक एल्बो लिखो. फिटर की भूल. वॉर्निंग में निपट जाएगा. इनका मकान भी बच जाएगा." मी विचारलं, ठेकेदाराचं? त्यानं इकडं तिकडं पाहिलं. ठेकेदाराला नव्या ओळीचं काम नुकतंच मिळालं होतं. "वो छोड़ो," म्हणाला.

मला ते पटलं. लाज वाटते, पण पटलं. सिंधूचं घर वाचतंय, शेषरावची नोकरी वाचतेय, आणखी काय पाहिजे? आत येऊन मी वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "एक सांधा सदोष."

"एक नाही, कृष्णराव," शेषराव म्हणाला. तो जमिनीवर उकिडवा बसून सिंधूच्या न्हाणीतला चिखल पुसत होता. "एक लिहसान तं बाकीच्या भिंती कोन फोडन? त्याईच्याही घरी पोरंसोरं हायेत. तिथंही चुनाच मारत बसाल तुमी."

"शेषराव, सोचकर बोलो," विजयकुमार दारातून म्हणाला. "एक में वॉर्निंग है. ज़्यादा में नौकरी जाएगी."

"मालूम हाय साहेब."

"कितने हैं?"

"एकतीस."

मी बोटावर हिशेब करणारा माणूस. ओळीत घरं बत्तीस होती, हे मला पाठ होतं. मूर्खासारखा मी बोलून गेलो, "बत्तीस ना?"

शेषरावचा हात फडक्यावर थांबला. त्याला तिथं खोटं बोलता आलं असतं. मोजणीत चुकलो म्हणाला असता तर कुणी पुन्हा विचारलं नसतं.

"बत्तिसावं माह्यं घर," तो म्हणाला. "पहिल्याच वर्सी भिंत वलावली. मले ठाऊक होतं कावून वलावली ते. एका रविवारी फोडली, सफेदा भरला, बुजवून टाकली. चुन्यात मोरचूद टाकून हात मारला. तवापासून कोरडी हाय."

सिंधू दारात उभी होती. दुर्गा तिच्या पायाला बिलगून खोकत होती. एवढा वेळ अपराध्यासारखी उभी असलेली ती बाई, तिची मान वर आली.

"तुमाले ठाऊक होतं?" ती म्हणाली. "काकाजी, तीन डाव आले तुमी या घरात. माह्या हातचा चहा पेले. हे पोरगी इथंच खोकलत होती, तुमच्यासमोर. तुमी म्हनले, दिसत नाही."

"हो."

"आन् मी येडी, शेण लावत राहिली. माह्या सासूनं मले गलिच्छ घर ठेवनारी म्हनलं. तेजराम बोलत नव्हता आठ आठ दिवस, म्हने तुलेच साफ ठेवता येत नाही. तुमची भिंत कोरडी आन् माह्या पोरीची छाती…"  तिनं पोरीला उचललं आणि खोलीत निघून गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, "निघा माह्या घरातून."

शेषराव उठला. माझ्या वहीवर त्यानं सही केली, मराठीत, एकेक अक्षर सुटं. त्याच्या आधी त्यानं मला लिहायला लावलं, ते मी जसंच्या तसं लिहिलं: आधी पाणी थांबवावे, मग पंधरा दिवस भिंत उघडी ठेवावी, झरोक्याला लावलेली पोती काढून हवा खेळू द्यावी, बुरशी ओल्या फडक्यानं पुसून फडकं जाळावं, आणि सर्वांत शेवटी चुना. "आपन तीन वर्सं उलटं करून राहिलो," म्हणाला. दुसऱ्या पानावर मी ठेकेदाराचं नाव, मुकादमाचं नाव आणि कणकेची हकिकत लिहिली. विजयकुमारनं ते वाचलं, बराच वेळ पेन हातात धरला, आणि सही केली. त्याचं एवढं तरी मी मान्य करतो.

निकाल दहा दिवसांत आला. फिटर शेषराव, कामात गंभीर हयगय, नोकरी समाप्त, क्वार्टर पंधरा दिवसांत रिकामं करावं. एकतीस भिंती उघडून सांधे बदलावेत. ठेकेदाराबद्दल एक ओळ नव्हती. मी फाइल उघडून पाहिली तर माझं दुसरं पान तिच्यात नव्हतंच. कोणत्या टेबलावर गळालं, ते मी विचारत फिरलो. एकानं चहा पाजला, एकानं सांगितलं की बदलीच्या याद्या निघायच्या आहेत, जपून राहा. आणि कडी अशी, की भिंती फोडून पुन्हा प्लास्टर करण्याचं काम त्याच ठेकेदाराला गेलं. ज्यानं पाप पुरलं त्यालाच ते उकरायची आणि पुन्हा पुरायची मजुरी! मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. जेवलो नाही म्हणून कुणाचं काय बिघडलं, तेही मला कळत होतं.

शेषरावच्या घरी मी एकदाच गेलो. त्याची बायको पंचफुलाबाई भांडी पोत्यात भरत होती.

"बसा भाऊ," म्हणाली. "आता हे म्हनते, तेव्हाच बोलाले पाहिजे होतं. मले काय ठाऊक नव्हतं? त्या रविवारी विटा म्याच उचलून देल्या यायले. शेजारच्या बायका भिंतीचं रडगानं गात, आन् मी आपली भिंत दाखवाची, पाहा कशी कोरडी ठेवतो मी. मले चांगलं वाटे." तिनं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं. "नोकरी गेली त्याचं मले काही नाही वाटत. ते सिंधू रस्त्यात तोंड फिरवते, ते सोसत नाही."

पंधराव्या दिवशी सकाळी शेषरावचं सामान हातगाडीवर चढलं. दुपारच्या गाडीनं आपल्या गावाकडं, तुमसरला जायचं होतं. मी निरोप द्यायला गेलो होतो. त्याच सकाळी सिंधूच्या भिंतीवर प्लास्टर चढायचं होतं. नव्या फिटरनं पहाटेच नवा सांधा बसवून दिला आणि तो पुढच्या कामाला गेला. मुकादम भैय्याजी स्वतः दोन गवंडी घेऊन आला होता. घमेल्यात सिमेंट कालवून तयार.

आतून सिंधूचा आवाज आला, तो अख्ख्या ओळीनं ऐकला.

"हात नाही लावाचा भिंतीले!"

मी धावलो. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, दुर्गाला पुढं घेऊन. भैय्याजी हसत होता. "बाई, फिटर करून गेला. पक्का झाला. आम्हाला आज दहा घरं उरकायची आहेत."

"मांगंही तुमी असेच उरकले होते. पानी सोडून सांधा पाहा. मंग प्लास्टर."

"कोण पाहणार? फिटर तर गेला."

सिंधूनं ओठ आवळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कृष्णराव भाऊ, त्यायले बलवा."

शेषराव आला. चपला बाहेर काढल्या. भैय्याजीनं त्याला ओळखलं आणि नजर दुसरीकडे नेली. शेषरावनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं एक जुनं वर्तमानपत्र मागितलं. सांधा फडक्यानं पुसून घेतला, त्याच्याभोवती कागद घट्ट गुंडाळून दोऱ्यानं बांधला, सगळे नळ बंद केले आणि मुख्य कॉक पूर्ण उघडला. मग भिंतीसमोर उकिडवा बसला.

नऊ वाजता बसला तो. गवंडी बाहेर बिड्या ओढत राहिले. भैय्याजी दोनदा ओरडला, सिंधू हलली नाही. तिनं चहा केला. गवंड्यांना दिला, मला दिला, भैय्याजीलाही दिला. शेषरावला दिला नाही. त्यानंही त्या बाजूला पाहिलं नाही. दुर्गा थोडा वेळ त्याच्या शेजारी बसून कागदाकडे बघत राहिली, मग कंटाळून खेळायला गेली. पंचवीस दिवस भिंत उघडी राहिली होती, झरोका मोकळा होता. पोरीचा खोकला थांबला नव्हता, पण छातीचा तो आवाज कमी झाला होता.

बारा वाजता शेषरावनं दोरा सोडला आणि कागद काढला.

"कोरडा हाय," म्हणाला.

सिंधू पुढं झाली आणि तिनं तो कागद त्याच्या हातातून घेतला. त्याच्या शब्दावर ती विसंबली नाही. तिनं घडी उलगडली, उजेडाला धरून पाहिली, बोटं फिरवली, आणि मग कागद गालाला लावला. 

"लावा आता," तिनं गवंड्यांना सांगितलं.

बाहेर हातगाडीवाला गाडीची वेळ झाली म्हणून हाका मारत होता. शेषरावनं जमीन पुसून घेतली आणि पिशवी उचलली. सिंधूनं कोनाड्यातलं दुसरं वर्तमानपत्र काढलं आणि ती त्याच्या अंगावरून बाहेर पडली. तिनं त्याला चल म्हटलं नाही, मागं वळून पाहिलं नाही. शेजारच्या घराची कडी वाजवली आणि आतल्या बाईला म्हणाली, "तुमची भिंत बुजवली नाही ना अजून?"

पंचफुलाबाईनं हातगाडीवाल्याला वळकटी खाली उतरवायला सांगितलं. शेषराव शेजारच्या दारात चपला काढत होता.